जुनेरातला झोक

दिवाळीच्या तोंडावर घरोघर कपाटे उघडतात. कपाट ओसंडून वाहत असते आणि तरी गृहिणीचे एकच म्हणणे, ‘नेसायला काही नाही!’ या वाक्यापुढे भल्याभल्या नवऱ्यांनी हात टेकले आहेत. पण खिशात नव्याचे पैसे नसताना चारचौघांत नीटनेटके कसे दिसावे, हा प्रश्न काही थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

मी मराठी शिकवते, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. वापरून मऊ झालेल्या लुगड्याला आपल्याकडे ‘जुनेर’ असा स्वतंत्र शब्द आहे. मधोमध विरलेला भाग कापून धड तुकडे जोडले, की लुगड्याला ‘दंड घातला’ म्हणत. आणि शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड राखतो, त्याला म्हणतात ‘माया’! जुना कपडा घेताना पहिल्याने हीच पाहावी. आत माया असेल तर कंबर सैल होते. नसेल तर कपडा कितीही देखणा असो, पुढे चालू लागावे.

बोहारणीने भांड्यांच्या बदल्यात नेलेले आपले कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुन्हा बाजारात येतात. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. गेल्या वर्षी मी तिथे गेले ती एका विद्यार्थ्याबरोबर. त्याला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. गुण उत्तम, वडील रखवालदार, अंगावर घालायला कोट नाही. मी यजमानांचा एक कोट पुढे केला. पोराने हात जोडले. म्हणाला, “मॅडम, दिलेला घातला तर तो सरांचाच राहील. विकत घेतला की माझा.” यावर मी काय बोलणार?

ढिगातून त्याने निळा कोट उपसला. विक्रेत्याने पाचशे सांगितले, तीनशेला सौदा ठरला. आम्ही फक्त खांदा पाहिला. खांदा बसत नसेल तर कोट सोडून द्यावा. तो उसवून पुन्हा बसवणे हे शिंप्याचे फार किचकट काम, आणि त्याची मजुरी कोटापेक्षा जड. बाह्या आखूड करणे, कंबरेत घेणे सोपे. काखेतले अस्तर आणि कॉलरची घडी तपासावी, कापड उजेडासमोर धरावे. कसरीची भोके तिथेच दिसतात. शिंप्याचे अडीचशे आणि नव्या बटणांचे चाळीस. बटणे बदलली की कोटाचे जुने घराणे विसरले जाते! पहिल्या ठिकाणी त्याची निवड झाली नाही. दुसऱ्या ठिकाणी झाली. कोट तोच होता.

साड्यांचे शास्त्र वेगळे. रेशीम आधी घडीवर विरते, म्हणून प्रत्येक घडी उलगडून पाहावी. आजीची नऊवारी सव्वाआठ मीटर भरते. तिची साडेपाच मीटरची साडी केली, तर उरलेल्या पावणेतीन मीटरांत ब्लाऊज आणि नातीचा परकर सहज बसतो. रेशमी कापड रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे, सावलीत वाळवावे. पोतच गेले असेल, तर काठ उसवून साध्या सुती साडीला लावावेत. सुती कपडे मात्र घरी आणल्याबरोबर कढत पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावेत. यात आळस नको.

आमच्या वहिनींना हे सारे अमान्य. “दुसऱ्याच्या अंगावरचे? शी!” हॉटेलातल्या चादरीवर त्या निर्धास्त झोपतात, हे मी त्यांना सांगितले नाही. कोजागरीला मी जुन्या काठांची साडी नेसले होते. वहिनींनी पदर बोटांत धरून दुकानाचे नाव विचारले. मी सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, “बुधवारी गर्दी कमी असते का हो?”