पिवळी नळी, कोरी नळी

संपादकांनी मला गोंदियाला पाठवलं ते मालगुजारी तलावांसाठी. कोहळी समाजाने घातलेल्या पाळी, नवेगावबांधचा विस्तार, १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेल्यावर सरकारच्या ताब्यात आलेली तळी, हे सगळं वहीत उतरवून झालं होतं. परतीच्या गाडीला तीन तास होते. बाजारात फिरताना शोभेच्या माशांच्या एका दुकानात शिरलो आणि ते तीन तास तिथेच गेले.

काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. एक बाई तक्रार घेऊन आल्या होत्या. पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी गोल्डफिश मरतो, ही तिसरी खेप. त्यांना ‘चांगलं अँटिक्लोरीन’ हवं होतं. मागच्या फळीवर पाच-सहा बाटल्या मांडलेल्या होत्या, पण त्याने एकीलाही हात लावला नाही. म्हणाला, “काकू, पाणी नळाचं का बोरिंगचं?”

बाई म्हणाल्या, नळाचं.

मग त्याने दोन काचेच्या नळ्या काढल्या आणि दोन्हींत दुकानातल्या नळाचं पाणी भरलं. एकीत आधी एका साध्या बाटलीतले काही थेंब टाकून हलवलं. मग दोन्हींत ऑर्थोटोल्युडिन सोडलं. पहिली नळी कोरी राहिली, दुसरी बघता बघता पिवळी झाली. खेड्यापाड्यांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकल्यावर ‘ओटी टेस्ट’ करतो, तीच ही. तिथे पिवळा रंग आला की समाधान वाटतं, कारण पाणी पिण्याजोगं झालेलं असतं. माशाच्या दृष्टीने तोच रंग धोक्याचा. ही गोष्ट मी वाचली होती. पण एका नळाचं पाणी दोन नळ्यांत असं वेगळं होताना पाहिलं तेव्हा ती खऱ्या अर्थाने कळली.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं, आणि ते हवंच. वैनगंगेतून डांगोर्लीला उचललेलं पाणी त्याशिवाय गोंदियाच्या घरांत जाऊ नये. पण आपण पाणी पितो, मासा ते कल्ल्यांतून श्वासासाठी घेतो. कल्ल्यांची त्वचा इतकी पातळ की क्लोरीन तिला थेट भाजतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अल्पकाळाची मर्यादा लिटरमागे ०.०१९ मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे आपल्या किमान मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

त्या साध्या बाटलीत होतं सोडियम थायोसल्फेट. फोटो धुणाऱ्या जुन्या माणसांना ते ‘हायपो’ म्हणून ठाऊक आहे. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्षेलने १८१९ मध्ये दाखवलं आणि पुढे फोटो टिकवण्याचं काम त्याच्यावर आलं. डार्करूम बंद पडल्या तरी हायपो माशांच्या दुकानात टिकून राहिलं. त्याचे खडे साखरेसारखे दिसतात. एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला व्यवहारात सात मिलिग्रॅम खडे धरतात आणि काम जवळजवळ तत्क्षणी होतं. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम खडे विरघळवले, तर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या दहा लिटरच्या बादलीला साडेतीन मिलिलिटर द्रावण पुरतं. एवढ्या स्वस्त वस्तूने हे काम भागतं, याचा मला त्या दुपारी फार आनंद झाला.

मग फळीवरच्या महागड्या बाटल्या कशासाठी? मुलाने एकेक उतरवून दाखवली. एपीआय स्ट्रेस कोटमध्ये कोरफडीचा अर्क असतो, माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला आधार म्हणून. सीकेम प्राईमसारखी क्लोरीनबरोबर अमोनियालाही काही काळ बांधून ठेवण्याचा दावा करते. जिथे पाण्यात क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, म्हणजे क्लोरामाइन घालतात, तिथे नुसतं हायपो अपुरं पडतं. ते क्लोरीन फोडतं आणि अमोनिया पाण्यात मोकळा सोडतं. आपल्याकडच्या लहान शहरांत बहुतेक ठिकाणी क्लोरीन गॅस किंवा ब्लिचिंग पावडरच वापरतात, म्हणून “आपल्याले हायपोच पुरते,” हे त्याचं म्हणणं मला पटतं. बोरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतंच, त्याला ही बाटली नकोच. त्याला हवा द्यावी लागते, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ज्याला घाई नाही त्याने नळाचं पाणी पसरट भांड्यात दिवसभर उन्हात ठेवावं. मुक्त क्लोरीन उडून जातं. क्लोरामाइन मात्र असं जात नाही.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. माझी काळजी सुरू झाली ती बाईंच्या पुढच्या प्रश्नापासून. किती टाकायचं?

कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, कारण नळाचं पाणी रोज एकसारखं नसतं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. साथीच्या दिवसांत ती लिटरमागे दोन मिलिग्रॅमवर गेली, तर त्याच बादलीला साडेतीनऐवजी १४ मिलिलिटर लागेल. ब्लिचिंग पावडर ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, दमट हवेत पडून राहिली की ते घटत जातं. त्यामुळे टाकीवर तेवढेच चमचे टाकले तरी नळाशी वेगळा आकडा येतो. शिवाय सुटी विकली जाणारी अँटिक्लोरीनची बाटली. तीत हायपो किती टक्के, हे लेबलवर नसतं. असतं ते फक्त ‘इतके थेंब’. सगळ्यांत जास्त मासे इथेच मरत असावेत, असं मला वाटतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. त्या दर रविवारी पेटीतलं सगळं पाणी ओततात, खडे साबणाने घासतात आणि पेटी पुन्हा भरतात. मुलगा गप्प झाला. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. ते तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि एका रविवारी संपतात. म्हणजे क्लोरीन पूर्ण मेलं तरी मासा अमोनियाने जाणार. कुठलीही बाटली यावर उपाय नाही. त्यात नवतपाच्या उन्हाने पाणी तापलेलं. वीस अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. सल्फाइटच्या जातीचं औषध जास्त पडलं तर तेही त्यातला प्राणवायू खातं.

मला सकाळी पाहिलेलं तळं आठवलं. अर्जुनी मोरगाव परिसरात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि ढीवर मच्छीमार पतिराम तुमसरे यांनी गावकऱ्यांना घेऊन तळ्यांतली बेशरमची झुडपं काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा रुजवल्या, देशी मासे परतावेत म्हणून. त्यांतल्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया जगभरच्या काचेच्या पेट्यांत लावतात. या दुकानातही एका बादलीत व्हॅलिस्नेरियाच्या लांब हिरव्या पट्ट्या तरंगत होत्या. तळ्यात माशाची घाण ही झाडं आणि तळाचा गाळ मिळून पचवतात. मुलाने बाईंना चार पट्ट्या कागदात गुंडाळून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

मग साध्या बाटलीत हायपोचं द्रावण भरून तिच्यावर मार्करने लिहिलं: ‘१ बादली – ४ मिली’. पेटी चाळीस लिटरची असल्याने आठवड्याला एकच बादली बदलायची, औषध बादलीतच टाकायचं, खडे घासायचे नाहीत. ओटीचं औषध घरी मागितलं तेव्हा त्याने नाही म्हटलं. ते विषारी असतं, पोरांच्या हाती नको.

बाई पायरी उतरल्या तेव्हा तो मागून ओरडला, “काकू, पाऊस लागला का नळाचं पानी बाटलीत घेऊन याल. पिवळं किती होते पाहू, मग वरचं लिहिलेलं बदलू.”