मनोचिकित्सकाची पारख : पदवी, नोंदणी आणि संघटना

शरीराच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाताना आपण त्यांची पदवी पाहतो. मनाच्या दुखण्याच्या वेळी मात्र पुष्कळदा नुसत्या पाटीवर विश्वास ठेवतो. संवादाच्या मार्गाने मनाची दुखणी हलकी करण्याच्या उपचारास मनोचिकित्सा म्हणतात. त्यात रुग्ण आपल्या आयुष्यातील अत्यंत खाजगी गोष्टी परक्या माणसासमोर उघड करतो. म्हणून त्या माणसाला कोणी शिकविले, त्याची नोंद कोठे आहे आणि तो चुकला तर त्याला जाब कोण विचारणार, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

आपल्या देशात या प्रश्नांची उत्तरे व्यवसायानुसार बदलतात. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो व त्याची नोंद वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार त्याचे शिक्षण या परिषदेने मान्य केलेले असावे लागते. केवळ मानसशास्त्रात एम.ए. केल्याने हे नाव लावता येत नाही. समुपदेशकांसाठी मात्र बरीच वर्षे असा कायदाच नव्हता. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने त्यांच्यातील काही प्रकार कक्षेत घेतले.

परवाना हे परिषदेचे काम. व्यावसायिक संघटनेचे काम त्याहून वेगळे. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स ही संघटना १९६८ पासून अधिवेशने भरविते, नियतकालिक काढते व सभासदांचे ज्ञान ताजे ठेवते. परंतु तिचे सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

कायदा अपुरा असेल तेथे संघटनेवर किती भार पडतो, हे ब्रिटनमध्ये दिसते. तेथे 'सायकोथेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव नाही. म्हणून १९७७ साली स्थापन झालेली समुपदेशकांची संघटना, आजची बी.ए.सी.पी., स्वतः नोंदवही ठेवते, आचारसंहिता ठरविते, तक्रारी ऐकते व दोषी सभासदास काढूनही टाकते. तिची अधिमान्यता हवी असेल तर देखरेखीखाली किमान ४५० तास काम केलेले असावे लागते. पुढेही दरमहा किमान दीड तास अनुभवी व्यक्तीबरोबर आपल्या कामाची चर्चा करावी लागते. यात आधारही आहे आणि अंकुशही. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकणारा माणूस एकटा पडला तर थकतो, आणि त्याच्या चुका त्याला कोणी दाखवीत नाही.

नोंदणी म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे. पण जाब विचारण्याची जागा तिच्यामुळे मिळते. तेव्हा उपचारास जाताना नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. तो आपला हक्क आहे.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना आमचे सांगणे आहे की, फी भरण्यापूर्वी अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे की नाही, हे लेखी पाहावे. कर्ज काढून मिळविलेले, पण नोंदणीस न चालणारे प्रमाणपत्र घराला परवडत नाही.

तातडीची गरज असल्यास १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही २०२२ साली सुरू झालेली शासकीय सेवा विनामूल्य मिळते. हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.