चित्रांची परडी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की पूर्वी घरोघरची मुले परडी घेऊन पत्रीच्या शोधात बाहेर पडत. माका कोठे उगवतो, आघाडा कोणत्या बांधावर सापडतो, शमीचे झाड गावात कोणाच्या दारी आहे, हे ज्ञान चिखल तुडवूनच मिळत असे. गणरायाच्या एकवीस पत्रींनी आपल्या कित्येक पिढ्यांना वनस्पतींची पहिली ओळख करून दिली. आज शहरातील पुष्कळ घरी पत्री बाजारातून जुडी बांधून येते आणि परडीची जागा मोबाइलने घेतली आहे. सकाळी फिरावयास गेलेला नातू ओल्या पारिजातकाचे चित्र धाडतो, गडावर गेलेली लेक धुक्यात हरवलेला बुरूज दाखविते, आणि घरी देवापुढे बसलेली आजी चष्मा सावरून ते सारे कौतुकाने पाहते.

ही नवी परडी हिणकस मानण्याचे कारण नाही. १९०० साली कोडॅक कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा एक डॉलर किमतीचा कॅमेरा बाजारात आणला आणि सहज टिपलेल्या चित्राचा आनंद सामान्य माणसाच्या हाती आला. पुढे आपल्याकडेही रिळाचे दिवस आले. छत्तीस चित्रे संपली की सहल संपली, असा तो काळ होता. म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी माणूस क्षणभर थांबे व नीट पाही. आता चित्रांना गणती उरली नाही, आणि तो थांबण्याचा क्षणच हरवला आहे.

याचा प्रत्यय मला काही वर्षांपूर्वी कासच्या पठारावर आला. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. आठशेंहून अधिक सपुष्प वनस्पतींची तेथे नोंद आहे. भाद्रपदात तेथे गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी आणि पांढरे गेंद यांचे जणू गालिचे पसरतात. त्यांतच करंगळीच्या नखाएवढी निळी-जांभळी फुले असतात. लोक त्यांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात. कातळावरील निकस मातीत पोषण पुरत नाही, म्हणून हे इवलेसे रोप मातीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपला निर्वाह करते! मी हरखून गेलो, पायवाट सोडली, गुडघे टेकले आणि मनाजोगते चित्र टिपले.

घरी आल्यावर ते सर्वांना दाखविले. सर्वांनी वाखाणले. वयाची ऐंशी ओलांडलेल्या आईने मात्र बराच वेळ ते न्याहाळले आणि म्हणाली, “चित्र सुरेख आलंय रे. पण हे टिपायला तू बसलास कुठं?”

मजजवळ उत्तर नव्हते. माझ्या गुडघ्यांखालीही तीच आसवे होती.

आईचे बालपण पत्री वेचण्यात गेले होते. एकाच झाडाची सारी पाने ओरबाडावयाची नाहीत, तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावावयाचा नाही, खुडण्यापूर्वी झाडाला नमस्कार करावयाचा, हे नियम तिला कोणी लिहून दिले नव्हते. कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ आहे. तेथील पुष्कळ रोपे पावसाळ्याच्या चार महिन्यांतच उगवतात, फुलतात, बी धरतात आणि सुकून जातात. बी धरण्यापूर्वी पाय पडला, तर पुढील वर्षीचा बहरही त्या पावलाखाली चिरडला जातो. एक जण जेथे बसतो तेथे दुसरा बसतो, आणि पाहता पाहता गालिच्यात वाट पडते. चित्रे पाहून लोटणाऱ्या गर्दीमुळेच तेथे रोजच्या प्रवेशाला मर्यादा घालावी लागली.

कंदीलपुष्पाची कथाही अशीच. या फुलाच्या नळीत शिरलेली चिमुकली माशी आतील केसांमुळे काही काळ अडकते. केस सुकले की परागकण घेऊन सुटते. याच्या कित्येक जाती केवळ पश्चिम घाटातच, तुरळक आढळतात. अशा दुर्मीळ फुलाचे चित्र अवश्य दाखवावे; त्याचा नेमका ठावठिकाणा मात्र जगजाहीर करू नये. कॅमेऱ्याच्या सोयींमुळे स्थळाची नोंदही पुष्कळदा चित्राबरोबरच जात असते, हेही ध्यानी ठेवावे.

वाचकहो, देवळात आपण आधी दर्शन घेतो आणि मग प्रसाद घेऊन घरी येतो. घरातील वृद्धांसाठी, परगावच्या नातवंडांसाठी रानातून आणलेले चित्र हा प्रसादच आहे, आणि प्रसाद वाटावयाचाच असतो. मात्र दर्शन आधी. फूल डोळे भरून पाहावे, त्याचे नाव कोणा जाणत्याला विचारावे, पाय कोठे आहेत ते पाहावे आणि मगच चित्र टिपावे. चित्राखाली फुलाचे नाव आणि तिथी लिहिली, तर पुढील पिढीस तीच वनविद्येची पोथी होईल.

आई आता नाही. कासला मी त्यानंतरही जातो. चित्रे पायवाटेवरूनच टिपतो. ती जरा दुरून आलेली असतात, परंतु तिच्या प्रश्नाला आता मजजवळ उत्तर आहे.