लव्हाळ्याच्या रानात नवं गवत

कुरणाची शेती : भाग ७

मागच्या आठवड्यात चांगल्या निचऱ्याच्या रानात जुनं गवत मोडून नवं कसं घालतात ते पाहिलं. तीच कृती आयर्लंडच्या लीट्रिम, कॅव्हन किंवा क्लेअरमधल्या भारी जमिनीत जशीच्या तशी केली, तर पहिल्या वर्षी रान हिरवंगार दिसतं. पुढे सखल जागी रशचे, म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या वळणाच्या तणाचे, गडद झुबके डोकं वर काढतात आणि काही वर्षांत रान पुन्हा होतं तसं होतं. बियाणं, खत, डिझेल सगळं पाण्यात. शेतकरी मग वाण बदलून बघतो. दोष वाणाचा नसतोच.

आयर्लंडच्या शेतजमिनीपैकी जवळपास ९० टक्के जमीन गवताखाली आहे. दूध आणि मांस, दोन्ही धंदे त्या गवतावर चालतात. पश्चिमेकडे पाऊस वर्षाला १००० ते १४०० मिलिमीटर. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो, तरी चिखल कायमचा तिकडेच. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि नंतर ऊन रान वाळवतं. तिकडे तो बारा महिने पडत राहतो. ऊन कोवळं, त्यामुळे बाष्पीभवन आणि गवताने प्यालेलं मिळून वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाणी उडतं. बाकीच्याला खाली जायला वाट हवी. हिमयुगात बर्फाखाली दाबून घट्ट झालेल्या तिथल्या चिकणमातीत ती वाट नसते.

म्हणून पहिलं काम खड्ड्याचं. पोकलेनने अडीच मीटर खोल खड्डा घ्यायचा, तोही एकाहून अधिक जागी, आणि पाणी कुठून येतं ते उभं राहून बघायचं. मध्येच एखाद्या वाळू-गोट्यांच्या थरातून धार लागली, तर त्या थरापर्यंत खोल पाइप पुरला की आजूबाजूचं बरंच रान मोकळं होतं. पण वरपासून खालपर्यंत करडी, तांबूस ठिपक्यांची चिकणमाती असेल आणि पाणी फक्त वरच्या वीतभर थरातून पाझरत असेल, तर खोल पाइप कोरडाच राहतो आणि वर चिखल तसाच. १९४९ साली शेतीमंत्री जेम्स डिलन यांनी जमीन सुधारणेची मोठी योजना आणली, आणि तिथे अनुदानावर चर खणले गेले. ‘चॅगस्क’ ही तिथली शेती संशोधन आणि सल्ला देणारी संस्था आज आग्रहाने सांगते, की आधी खड्डा, मग आराखडा.

खड्ड्यात काळी, मऊ, शेवाळाचे धागे दिसणारी पीट लागली, तर मात्र थांबावं. ही माती म्हणजे हजारो वर्षांचे वनस्पतींचे अवशेष. पाण्यामुळे हवा लागली नाही, म्हणून ते कुजले नाहीत. निचरा केला की हवा शिरते, पीट कुजते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि जमीन खचते. खचली की चर पुन्हा खोल करावा लागतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यात निचरा केलेल्या पीट जमिनींपैकी काही पुन्हा ओल्या करण्याची उद्दिष्टं आहेत. खोल पीटवर नवं गवत घालण्याचा हट्ट धरू नये, असं मला ठामपणे वाटतं. आणि ज्याचं रानच तसलं आहे, त्याला ते ओलं ठेवण्याचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे, हेही तितक्याच ठामपणे.

चिकणमातीसाठी मोल नांगर. उभं जाड पोलादी पातं, त्याच्या तळाशी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा लोखंडी ठोकळा आणि त्याच्या मागे त्याहून थोडा जाड दुसरा. ट्रॅक्टरने ओढला की साधारण अर्ध्या मीटरवर मुठीएवढी नळी तयार होते. तिच्या भिंती दाबून गुळगुळीत झालेल्या असतात. शेजारची नळी मीटर-दीड मीटरवर. पण खरं काम नळीचं नाही. पातं माती उचलतं तेव्हा दोन्ही बाजूंना तिरक्या भेगा पडतात. पाणी त्या भेगांतून उतरतं, नळी ते फक्त वाहून नेते. म्हणून खालची माती मळलेल्या कणकेसारखी आणि वरची कोरडी हवी. वर ओल असेल तर भेगा पडत नाहीत, आणि मग पैसे देऊन नुसत्या रेघा ओढल्यासारखं होतं. हे काम भर उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांतलं. नळ्या ज्या मुख्य चरांना आडव्या जातात, त्या चरांत पाइपावर स्वच्छ खडी नळीच्या पातळीच्या वरपर्यंत भरलेली लागते. नळ्या कायम टिकत नाहीत, काही वर्षांनी पुन्हा ओढाव्या लागतात.

सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड शिवारातही सच्छिद्र पाइप पुरतात. तिथलं पाणी उसाला दिलेलं जादा पाणी असतं आणि ते क्षार वर आणतं, म्हणून चोपण रानाला जिप्सम लागतं. आयर्लंडात उलट. सततचा पाऊस चुना धुऊन नेतो, माती आंबट होते. नवं गवत घालताना तिथे हेक्टरी पाच टनांच्या आसपास चुनखडी टाकतात, आणि सामू ६.३ ते ६.५ पर्यंत आणायला बघतात.

आता रश. एकेक झुबका हजारो बिया झाडतो, बी धुळीसारखं बारीक, आणि मातीत दबून ते कित्येक दशकं जिवंत राहतं. उगवायला त्याला उजेड लागतो. खोल नांगरट म्हणजे हे जुनं बी आपल्याच हाताने उजेडात आणणं. म्हणून अशा रानात जुनं गवत तणनाशकाने मारून माती वरवरच ढवळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

बी हेक्टरी सुमारे ३५ किलो. बारमाही रायग्रासच्या चतुर्गुणित वाणांचं गवत उंच पण विरळ, द्विगुणितांचं दाट. ओल्या रानात दाट गवताची गादी जनावरांचे खूर पेलते, म्हणून द्विगुणितांचा वाटा जास्त ठेवावा. सोबत थोडं टिमोथी गवत. त्याला थंडी आणि ओल दोन्ही सोसतात. बी एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, आणि वरून रूळ फिरवावा. पेरणी एप्रिल-मेमध्ये झालेली बरी. शरद ऋतूत पेरलं तर बारीक तणांवर फवारणी करायला ट्रॅक्टर रानात शिरेलच, याची खात्री नसते.

गवत आठ-दहा सेंटिमीटर झालं की बोटांच्या चिमटीत धरून ओढावं. पात तुटली तर वासरं किंवा हलक्या कालवडी सोडाव्यात. मुळासकट हातात आली, तर फाटक लावून घ्यावं आणि आठवडाभराने पुन्हा ओढून बघावं.