दाभोळीहून देवाच्या वाटेनें

कुलदैवताच्या दर्शनास गोमंतकांत जाणारीं महाराष्ट्रांतील कुटुंबें आतां पुष्कळदां विमानानें जातात. मुंबईस विमानांत बसलेली मंडळी तासा-सव्वा तासांत दाभोळीस उतरतात, आणि उतरतांच भाड्याच्या मोटारीच्या शोधास लागतात. मोटार निघते ती थेट देवळाशींच थांबते. श्रम वांचतात हें खरें. परंतु ज्या दैवतासाठीं एवढा प्रवास केला, त्याच्या इतिहासाचा मोठा भाग वाटेंतच मागें राहतो. तो डोळ्यांनीं पहावयाचा असेल, तर विमानतळाबाहेरच्या रस्त्यावरून जाणारी साधी बस धरावी.

इमारतीबाहेर पडून हमरस्त्यावर आलें कीं, एका बाजूस चार-पांच किलोमीटरांवर वास्को शहर आहे. पणजी किंवा मडगांव गांठावयाचें असून बरोबर सामान व वडील माणसें असतील, तर आधीं वास्कोस जाऊन तेथेंच गाडींत चढावें, म्हणजे बसावयास जागा मिळते. पणजीची काय किंवा मडगांवची काय, गाडी प्रथम कुठ्ठाळीस येते. तेथून पणजीची गाडी उत्तरेस जुवारी नदी ओलांडते, तर मडगांवची दक्षिणेस वेर्ण्याकडे वळते. कंडक्टर दारांत उभा राहून पुढील गांवांचीं नांवें मोठ्यानें पुकारीत असतो. हीं नांवें कान देऊन ऐकावीं.

कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. श्रीमंगेशाचें मूळ स्थान हेंच. १५४३ सालीं साष्टी व बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांच्या हातीं गेले. पुढें देवळें मोडण्याचें सत्र सुरू झालें, तेव्हां १५६० सालीं भक्तांनीं देवाचें लिंग नदीपलीकडे प्रियोळास नेलें. तो मुलूख त्या वेळीं पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. तेंच आजचें मंगेशी. शेजारच्या केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्यास गेली, आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. ज्या गांवांवरून आपली बस धांवते, तीं आपल्या देवांनीं सोडलेलीं गांवें आहेत. अनेक सारस्वत घराण्यांचे पूर्वजही त्याच संकटांत घरदार टाकून निघाले. घरांतील मुलांस कुलदैवताचें नांव पाठ असतें. देवाचें मूळ गांव मात्र ठाऊक नसतें.

कुठ्ठाळीस पूर्वीं नावेनेंच पार व्हावें लागे. १९८३ सालीं पूल झाला. आतां त्याच्या शेजारीं २०२२ च्या डिसेंबरांत खुला झालेला नवा पूल आहे. पलीकडे आगशी लागते, मग गोवा वेल्हा. कदंब राजांची गोपकपट्टण ही राजधानी येथेंच होती. १९८० सालीं स्थापन झालेल्या गोव्याच्या सरकारी परिवहन मंडळानें त्याच राजवंशाचें नांव धारण केलें आहे. पणजीस उतरून फोंड्याची बस धरली कीं जुनें गोवें मागें टाकून ती मंगेशी आणि म्हार्दोळ या दोन्ही गांवांवरून जाते. कवळ्यास जाणारांनीं फोंड्यापर्यंत जावें. तेथून कवळें अगदीं जवळ आहे.

निघण्यापूर्वीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सकाळ-संध्याकाळ गाड्यांस गर्दी फार. म्हणून दुपारचें विमान सोयीचें. रात्रीं गाड्या विरळ होतात. उशिरा उतरणारांनीं, विशेषतः लेंकुरवाळ्यांनीं, मोटारच करावी. मोठ्या पेट्यांऐवजीं प्रत्येकाच्या हातीं एक पिशवी असावी. वाहन घेतांना सुट्टे पैसे जवळ असावे. घरांत गुडघ्यांनीं अधू झालेले आजी-आजोबा असतील, तर त्यांस मोटारीनें पाठवून तरुण मंडळींनीं बसनें जावें. शिवाय तिकिटावर विमानतळाचें नांव पहावें. २०२३ च्या जानेवारीपासून पेडणें तालुक्यांत मोपा येथें दुसरा विमानतळ चालूं झाला आहे. कदंबच्या गाड्या तेथूनही सुटतात, परंतु उत्तरेकडून पणजीस येणाऱ्या त्या वाटेवर कुठ्ठाळी लागत नाहीं.

बसच्या भाड्यांत मोटारीच्या मानानें पुष्कळ बचत होते, हा लाभ आहेच. पण कंडक्टरनें 'कुठ्ठाळी' म्हणून हांक दिली, कीं वडील माणसांनीं शेजारच्या मुलास खिडकीबाहेर बोट दाखवून सांगावें कीं, आपला देव येथून निघाला. मग मंगेशीस हात जोडतांना तें मूल जरा निराळ्या भावानें जोडील.