धंदा रक्तातच असावा लागतो का?

वसई-विरारच्या कॉलेजांत फेस्टिव्हल जवळ आला की माईक हातात घेऊन बिनधास्त बोलणाऱ्या पोराकडे बघून सगळे म्हणतात, "हा पुढे नक्की धंदा करणार." प्रायोजकांकडे न कंटाळता पुन्हा पुन्हा जाणारी, मंडपवाल्याचा हिशेब पैशापैशाने चुकता करणारी मुलगी मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. अभ्यासकांचा कौल तिच्या बाजूने आहे. झाओ आणि सायबर्ट यांनी 2006 साली आधीची अनेक संशोधनं एकत्र करून उद्योजक आणि मॅनेजर यांचे स्वभाव ताडून पाहिले. उद्योजक उजवे ठरले ते काटेकोरपणात, नव्याच्या ओढीत आणि ताणातही डोकं थंड ठेवण्यात. बोलकेपणात दोघांत फरक आढळला नाही.

"काळीज जुगाऱ्याचं हवं" हा समज जास्त घातक, कारण त्यापायी मुलं शिक्षण अर्धवट सोडतात. 2010 च्या अशाच एका अभ्यासात दिसलं की जोखमीची आवड असलेल्यांना धंदा करावासा वाटतो खरा, पण धंदा नीट चालण्याशी त्या आवडीचा संबंध नाही. अमेरिकेतल्या 2014 च्या अभ्यासात नोकरी सांभाळून सुरुवात करणाऱ्यांचा धंदा बुडण्याची शक्यता, नोकरी सोडून उडी घेणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघाली.

आगाशीच्या सुकेळीचंच घ्या. सोललेली राजेळी केळी दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, मध्येच आभाळ भरून आलं की माल आत घ्यायचा. ज्या विद्यार्थ्याला यात उतरायचंय त्याने आधी एका वाडीतला थोडा माल ओळखीपाळखीत विकून बघावा. किती परत आला, कोणी पुन्हा मागितला, हे वहीत लिहावं. परीक्षा बुडवून कर्ज काढायची गरजच नाही.

आणि सगळ्यात खोल रुतलेला समज: "आमच्या सात पिढ्यांत कोणी धंदा केला नाही, आम्हाला काय जमणार?" मला याचीच सर्वात जास्त चीड येते. 1918 साली वसईत सहकारी पतसंस्था उभी करण्यात पुढाकार घेतला तो मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी, कोणा सावकाराने नव्हे. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. लोकांची नड ओळखून त्यांना एकत्र बांधणं हेच तर उद्योजकाचं नेतृत्व.

ही वृत्ती शिकवताही येते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1960 च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या व्यावसायिकांना काही करून दाखवण्याच्या जिद्दीचं प्रशिक्षण दिलं. ते घेतलेल्यांनी पुढे न घेतलेल्यांपेक्षा जास्त हातपाय हलवले. आफ्रिकेतल्या टोगोमध्ये तर 1500 छोट्या व्यावसायिकांचे तीन गट पाडले. एकाला हिशेब, मार्केटिंग वगैरे नेहमीचे धडे, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचे, तिसऱ्याला काहीच नाही. 2017 साली निकाल छापून आला: पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत 30 टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या धड्यांची वाढ 11 टक्के, तीही खात्रीने सांगण्याजोगी नाही.

आपल्या कॉलेजांतले उद्योजकता कक्ष बहुतेकदा पाहुण्यांचं भाषण ठेवतात. त्याऐवजी वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत मुलांना पाठवा. एकाच कारखानदाराची एकच अडचण सहा महिने त्यांच्या गळ्यात घाला, आणि गट निवडताना त्या हिशेब ठेवणाऱ्या मुलीला आधी विचारा.