एका टन कोळशाचा जमाखर्च

मराठीत कोळशाला मान नाही. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असे कुणाविषयी तरी म्हणून आपण हात झटकून मोकळे होतो. मात्र एक भेद आपल्या भाषेने नेमका जपून ठेवला आहे. लाकूड अर्धवट जाळून केलेला तो लोणारी कोळसा आणि खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. पहिला माणूस काही दिवसांत भट्टीत तयार करतो. दुसरा तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागलेली असतात. कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा. या हिशेबात इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही आपापली नोंद सापडण्याजोगी आहे.

जीवाश्म इंधने मुख्यतः तीन : दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू. तिन्हींबद्दल लिहायचे तर पाने पुरायची नाहीत. म्हणून आपण एकच टन कोळसा घेऊ, तोही आपल्याच राज्यातला, चंद्रपूर जिल्ह्याच्या वर्धा खोऱ्यातला. तो कुठून आला आणि जाळल्यावर कुठे गेला, एवढेच पाहू.

आधी जमेची बाजू. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी आजचा द्वीपकल्पीय भारत इथे नव्हताच. तो दक्षिण गोलार्धात आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना चिकटून होता. मोठे हिमयुग नुकतेच ओसरले होते. खचत जाणाऱ्या खोलगट खोऱ्यांतून नद्या वाहत होत्या, दलदली माजल्या होत्या आणि त्यांच्या काठाने ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वृक्षांची दाट अरण्ये होती. जिभेच्या आकाराच्या पानांवरून हे नाव पडले. त्या अरण्यात एकही फूल नव्हते, कारण फुलझाडे अजून जन्माला यायची होती. पक्षी नव्हते, डायनोसॉरही नव्हते. ज्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला आपण ‘पुराणपुरुष’ म्हणतो, तो लाव्हा ओतला गेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे चंद्रपूरच्या कोळशापुढे सह्याद्री हे पोर म्हणायचे.

एरवी अरण्यात पान गळते, बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन, म्हणजे आपला कर्ब, पुन्हा हवेत जातो. हिशेब तिथल्या तिथे मिटतो. दलदलीत मात्र तो मिटत नाही. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नाही, कुजणे अर्ध्यावर थांबते आणि पाने, फांद्या, खोडे यांचा थरावर थर चढत जातो. त्यावर नदीचा गाळ आणि वाळू येऊन पडते, जमीन खचते, पुन्हा गाळ येतो. वरचा भार आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता यांनी आतले पाणी आणि वायू हळूहळू पिळून निघतात व कर्बाचे प्रमाण वाढत जाते. आधी पीट, मग लिग्नाइट, मग दगडी कोळसा आणि अखेरीस अँथ्रासाइट, असा हा क्रम आहे. चंद्रपूरचा कोळसा या शिडीच्या मधल्या पायऱ्यांवरचा. त्याचा चांगला कोक होत नाही, म्हणून पोलादाच्या भट्टीऐवजी तो बॉयलरकडे जातो. सारांश, झाडांनी हवेतून उचललेला कर्ब परत न करता जमिनीत पुरून ठेवला गेला. दगडी कोळसा म्हणजे न फेडलेले हवेचे देणे.

या कोळशाच्या खडकांना जगभर ‘गोंडवन’ हे नाव आहे आणि ते आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. बल्लारपूर आणि चंद्रपूर या तर गोंड राजांच्या राजधान्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास हे नाव या खडकांना दिले. पुढे १८८५ मध्ये व्हिएन्नाचे एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या त्या प्राचीन भूखंडालाच ‘गोंडवनभूमी’ म्हटले. हे झ्यूस आडनाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. लेखाच्या शेवटी ते पुन्हा भेटणार आहे. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी बर्फात मरण पावले. त्यांच्या प्रेतांबरोबर सुमारे १६ किलो दगड सापडले. उपासमारीतही त्यांनी हे ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे निघाले. चंद्रपूरच्या खाणीतले पान आणि ध्रुवाजवळच्या हिमनदीतले पान एकाच कुळातले! भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या म्हणण्याला त्या पानांनी मोठे बळ दिले.

या जन्मकथेतच आपल्या कोळशाचे वैगुण्य दडलेले आहे. गोंडवनी कोळसा नद्यांच्या खोऱ्यांत साचला आणि वनस्पतींबरोबर बारीक मातीही त्यात मिसळत गेली. ती माती जळत नाही. म्हणून आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण बऱ्याचदा ३५ ते ४० टक्के असते. गंधक मात्र कमी, ही जमेची गोष्ट.

खनिज तेलाची कथा वेगळी आहे, ती दोन शब्दांत सांगतो. ते अरण्यांतून नव्हे, तर समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून होते. तेव्हा पेट्रोल म्हणजे डायनोसॉरचा अर्क हा समज सोडून द्यावा. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये जे तेल शोधले, ते ‘बॉम्बे हाय’चे तेल याच जातीचे.

आता वापराकडे वळू. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली आणि कोळशाची भूक आपल्या भागात शिरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची खाण सुरू झाली आणि तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला. गाडीसाठी कोळसा आणि कोळशासाठी गाडी, असा तो मामला होता. खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यांत इंजिनाचा कण जाणे हा मराठी प्रवासवर्णनांतला नेहमीचा प्रसंग त्या काळाची आठवण आहे.

पण कोळसा नुसता जळण्याच्या कामी आला असे नाही. बंद भट्टीत तो तापवला की डांबर निघते. कपड्यांच्या ट्रंकेत आपण ज्या ‘डांबराच्या गोळ्या’ टाकतो, त्या या डांबरातून मिळणाऱ्या नॅफ्थॅलीनच्या. शब्द आपल्या तोंडी राहिला, त्याचे मूळ मात्र आपण विसरलो. याच डांबरातून रसायनशास्त्रज्ञांनी रंग काढले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने त्यातून जांभळा रंग मिळवला; पुढे १८९७ मध्ये एका जर्मन कंपनीने याच नॅफ्थॅलीनपासून कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिने आपल्याकडच्या निळीचा भाव पाडला. बिहारमधल्या निळीच्या मळेवाल्यांनी आपली खोट कुळांच्या माथी मारली, खंड वाढवले, आणि १९१७ मध्ये गांधीजींना चंपारणला जावे लागले. चंपारणची कारणे अर्थातच अनेक होती. पण आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात त्या प्रकरणात कोळशाचे नाव एकदा तरी यायला हवे, असे मला वाटते.

आज मात्र आपल्याकडचा बहुतेक कोळसा विजेसाठी जळतो. देशातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजूनही कोळशाचीच. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. त्याची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. आपला एक टन कोळसा आता तिथे नेऊ.

तिथे तो पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकला जातो. उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइनबरोबर जनित्र फिरते. या सगळ्या उलाढालीत उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. बाकीचा धुराड्यातून आणि त्या अवाढव्य शीतक मनोऱ्यांतून हवेत जातो. हाती येतात सुमारे १५०० युनिटे. महिन्याला सव्वाशे युनिटे वापरणाऱ्या घराची ही वर्षाची बेगमी झाली. म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज आणि दूरदर्शन संच एवढाच संसार असलेले मध्यमवर्गीय घर वर्षाला एक टन कोळसा जाळते. फक्त तो त्याच्या अंगणात येऊन पडत नाही.

आता खर्चाची बाजू. टनातून साडेतीनशे ते चारशे किलो राख उरते. ती कुठे तरी ठेवावी लागते. केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर याच हिशेबाने दिवसाला सुमारे ४५ हजार टन कोळसा लागेल, म्हणजे अकरा-बारा मालगाड्या. आणि संध्याकाळपर्यंत सोळा-सतरा हजार टन राख पडेल. राखेपासून विटा आणि सिमेंट होते, ती वापरण्याविषयी केंद्र सरकारचा आदेश १९९९ पासून आहे. तरीही उरलेली पाण्यात कालवून तलावात सोडतात आणि उन्हाळ्यात तो तलाव सुकला की चंद्रपूरच्या वाऱ्याला तिचा रंग येतो.

खाणीची बाजू आणखी अवघड. पूर्वी बहुतेक कोळसा बोगद्यांतून निघे. आता बहुतांश उघड्या खाणीतून निघतो. वरची माती, वरचे शेत, वरचे जंगल आधी काढून बाजूला रचावे लागते, आणि ताडोबाच्या बाजूने गेले की ते जंगल वाघाचे असते. जुन्या बोगद्यांचे हिशेबही अजून संपलेले नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुस येथे एक अख्खे घर जमिनीत गेले. त्या भागाखाली जुने भूमिगत खाणकाम झालेले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक भागांची प्रदूषणानुसार जी यादी केली, तिच्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर पेढे वाटले गेले असते. धुराड्यांतल्या वायूंवर २०१५ मध्ये कडक मानके आली, मग मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली, आणि २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटही मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. ते खोटे नाही. पण कमी गंधक गुणिले ४५ हजार टन हा गुणाकार कुणी तरी करायला हवा होता.

आणि वीज? चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाबाची खास वाहिनी आहे. १५०० मेगावॅट वाहून नेण्यासाठी ती बांधलेली आहे. विजेवर गावाचे नाव लिहिलेले नसते, त्यामुळे कुणाच्या पंख्याला कुठला कोळसा लागला हे सांगता येणार नाही. पण राख त्या तारांतून जात नाही, एवढे नक्की.

खर्चाची एक नोंद मात्र चंद्रपुरात राहत नाही. आपल्या टनात साधारण चारशे किलो कर्ब होता. जळताना त्याच्या प्रत्येक १२ भागांना हवेतला ३२ भाग प्राणवायू मिळतो आणि ४४ भाग कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. म्हणून चारशे किलो कर्बाचे जवळपास दीड टन वायू होतो. टनभर कोळशातून दीड टन वायू निघतो हे ऐकून कला शाखेचा विद्यार्थी चमकतो. वाढीव वजन हवेनेच दिलेले असते. हा वायू उष्णता अडवून धरतो. कोळसा जाळून पृथ्वी तापेल, याचे गणित स्वीडनच्या अरेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. हवाई बेटांवर १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ४२० हून अधिक आहेत.

हा वायू जुन्या कोळशाचाच कशावरून, अशी शंका कुणी घेईल. पुराणवस्तूंचे वय काढण्यासाठी वापरतात ती कार्बन-१४ ची पद्धत आपल्या इतिहास विभागाला माहीत आहे. इनामगावसारख्या उत्खननांत ती वापरली गेली. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात कार्बन-१४ शिल्लकच नसतो. तेव्हा कोळशाचा धूर हवेत मिसळला की हवेतले त्याचे प्रमाण पातळ होत जाणार, आणि त्या हवेवर वाढलेल्या झाडांच्या लाकडात ते दिसणार. १९५५ मध्ये हे दाखवून दिले हान्स झ्यूस यांनी. गोंडवनभूमीला नाव देणाऱ्या एडुआर्ड झ्यूस यांचे ते नातू. आजोबांनी ज्या भूमीचे नामकरण केले, तिथली अरण्ये नातवाला हवेत सापडली.

या नोंदीचा भार कुणी उचलायचा, हा वाद मोठा आहे. सरासरी भारतीयामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. अमेरिकनामागे सुमारे चौदा टन. म्हणून आधी त्यांनी आवरावे, हे आपल्या देशाचे म्हणणे मला न्याय्य वाटते. पण तेच माप देशाच्या आत लावून पाहिले तर घुग्घुस आणि मुंबई यांच्यात काय दिसेल, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

२००९ पासून प्रत्येक खाणीला ती बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. त्यातला मुख्य भाग खड्डे बुजवणे, ढिगारे सपाट करणे आणि झाडे लावणे यासाठी असतो. वेकोलिच्या खाणीवर, तिच्या ट्रकांवर, राखेच्या विटांवर आणि फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जी माणसे आज जगतात, त्यांच्यासाठी त्या आराखड्यात फारच थोडी जागा आहे. सूर्यप्रकाशावरची वीज स्वस्त होत चालली आहे, तेव्हा या खाणी कधी तरी बंद होणारच. त्या दिवशी चंद्रपूर-बल्लारपूरच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी कोणत्या कामाला लागायचे, हे अजून कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.